दुरलाव्याचे सगे

“तोंड काहून पाहता भाऊ? पाय पहा.”

संगणकावर पक्ष्याचा फोटो उघडला की सर असे म्हणत आणि पडद्यावर बोट टेकवत. पडदा पुसायला मी फडके जवळच ठेवी.

लाखनीत हायवेला माझे फ्लेक्सचे दुकान आहे, कुणाच्या टेकूशिवाय उभे केलेले. सर कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवत. कॉलेजच्या फाटकाशी लागणारा पक्ष्यांचा फलक दरवर्षी तेच करवून घेत. त्यात दुरलावा हा शेतातला इवलासा पक्षी लावा-तितरांच्या ओळीत होता. दिसायलाही लावाच. एका वर्षी सर म्हणाले, “त्याले उचला. एकटा ठेवा.” पुढच्या वर्षी म्हणाले, “आता टिटवीच्या ओळीत बसवा. पाणकाठच्यांचा सगा निघाला तो.”

मी भडकलो. “सर, नावातच लावा आहे! दरवर्षी काहून घर बदलून राहिले त्याचं?”

“जनुकं तपासणाऱ्यांचंच जमत नव्हतं. एक म्हणे वेगळी फांदी, दुसरा म्हणे टिटवीकडचा. आता बहुतेकांचं जमलं. अन् पाय पहा ना. लाव्याले मागचं बोट असते, याले नाही.”

“म्हणजे दिसणं खोटं?”

“दिसणं खरं. पण नातं दिसण्यावर नसते.”

मला झोंबले. माझ्या सावत्र भावांनी त्यांच्या दुकानाच्या पाटीवर ‘बंधू’ लिहिले, त्यात मी नाही; बाप एक असून. तसे बोलून गेलो. सर म्हणाले, “पाटी चुकली भाऊ. तुम्ही नाही.”

त्या दिवशी मी पैशांची घासाघीस केली नाही.

फलक मात्र परत आला. प्राचार्यांचा निरोप होता: पुस्तकात लावा आहे, लाव्यांतच लावा. सर अडून बसले. “चुकीचं लावण्यापरीस नका लावू.” ते निवृत्त झाले तरी फाटक रिकामेच होते. मग एका हिवाळ्यात सर वारले.

महिनाभरात कॉलेजचा बाबू आला. सरांच्या स्मरणार्थ फलक हवा. वर सरांचा फोटो, खाली पक्षी. दुरलावा लाव्यांत.

मी टेबलावर हात आपटला. “श्रद्धांजली देता, अन् त्याच माणसाच्या तोंडी खोटं घालता?”

“मले काहून बोलता भाऊ? साहेबाचा हुकूम आहे.”

फुकट छापून देतो म्हणालो, फक्त ते एक चित्र टिटवीजवळ सरकवू द्या. त्यांनी साकोलीहून छापून आणला.

तुम्ही तिकडून गेला असाल तर पाहिलाही असेल. सर हसताहेत आणि त्यांच्या हनुवटीखाली, लाव्यांच्या घोळक्यात, दुरलावा. पोरं समोर उभी राहून ओळी पाठ करतात, सरांनीच सांगितल्यासारख्या.