होडीत सापडलेलं तिकोनी शीड

गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर मी चक्क एका होडीत बसून पाणी उपसत होतो.

होडी आमच्या मिलच्या विणाई मास्तरांची. माणूस मुंबईचा, शिडाच्या होडीचा भारी नाद... एक गोरा इंजिनियर विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याची जुनी होडी मास्तरांनी घेऊन टाकली. आणि साफसफाईला मला धरून नेलं.

मी घडीखात्यातला साधा कारकून, अस्सल सोलापूरकर. पोहता येत नाही, होडी जरा हलली की दोन्ही हातांनी काठ धरतो. पण मास्तरांना नाही म्हणायची ती वेळ नव्हती.

झालं होतं असं, की आमच्या खात्यात नरसय्यामामा आहेत. तेलुगू विणकराचं घर, विणून आलेलं कापड तपासण्यात उभी हयात गेली. आता एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसराही धूसर... महिनाअखेर त्यांना घरी बसवायचं आणि तपासनीस म्हणून मला घ्यायचं, असं मास्तरांनी ठरवलं होतं.

मामांना हे कळलं होतं. घरात खाणारी पाच तोंडं, तरी माझ्याशी बोलताना आवाजात जरासुद्धा फरक नाही. मीच आपला त्यांच्यासमोरून जाताना खाली मान घालून जायचो.

तर त्या होडीच्या पुढच्या कप्प्यात, दोरांच्या गुंत्याखाली एक गाठोडं निघालं. उलगडलं तर तिकोनी शीड... नेहमीच्या शिडाच्या निम्मंसुद्धा नाही, पण जाड असं की घडी घालता येईना. ते कशाचं, केव्हा लावायचं, मास्तरांनाही सांगता येईना.

मी लगेच शहाणपणा दाखवला. खिशातला खडू काढला आणि मिलमध्ये खराब कापडावर करतो तशा फुल्या मारत सुटलो. तिन्ही कोपऱ्यांत ठिगळावर ठिगळ होतं... म्हटलं, "साहेब, जागोजागी फाटलेला माल आहे हा."

मास्तरांनाही पटलं. म्हणाले, उद्या कापून टाक, सुताचे गठ्ठे झाकायला होईल.

सोमवारी खात्यात कात्री घेऊन बसलो. एकट्याला ते धूड आवरेना, म्हणून मामांना म्हटलं, दुसरं टोक धरा जरा. मामांनी धरलं... आणि सोडेचनात.

डोळे मिटले त्यांनी. बोटं ठिगळावरून फिरली, मग उलट बाजूनं फिरली, मग परत वर आली. "दत्तोबा, कात्री खाली ठेव की. हितं फाटल्यालं हाय कुटं?"

"एवढी ठिगळं दिसत नाहीत का मामा?" मी बोलून गेलो... आणि जीभ चावली.

मामा रागावले नाहीत. माझा हात धरून त्यांनी ठिगळाच्या मागं नेला. खालचं कापड सलग होतं, एक तार तुटलेली नव्हती!

"फाटलं म्हनून न्हाय लावलं," मामा म्हणाले. "फाटू नये म्हनून आदीच लावलंय."

मी कात्री खाली ठेवली. आम्ही मिलची माणसं, जोड दिसला की माल खराब, एवढंच शिकलेलो. कुणी ताण ओळखून नव्या कापडालाच आधार देईल, हे मनातसुद्धा आलं नव्हतं.

तोवर मास्तर मागं येऊन उभे राहिले होते. मामांना ते दिसले नव्हते, ते आपले बोटांनी वाचत होते. एका कडेला सारख्या अंतरावर कापड घासून गुळगुळीत झालंय, म्हणजे तिथं कड्या होत्या... हा कोपरा सगळ्यात जास्त ओढला गेलाय... ताणा आणि बाणा, उभं-आडवं दोन्हीकडं दुहेरी सूत आहे.

"मग हे कशासाठी असेल नरसय्या?" मास्तरांनी विचारलं.

मामा दचकले. "मी समुद्र बघितल्याला न्हाय साहेब. पन येवढंसं, आन् येवढं दांडगं... लई वारं सुटल्यावर लावत असतील. मोटं शीड तवा टिकत नसंल."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. वादळी शीड! मुंबईत नाव ऐकलं होतं, डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी टोप्या उडवणारं वारं होतं. मोठं शीड चढवताच होडी एका अंगावर कलली, मी देवाचं नाव घ्यायला लागलो. मास्तरांनी ते उतरवून हे चढवलं... आणि होडी सरळ होऊन शहाण्यासारखी चालायला लागली.

परतताना टांग्यात धीर करून बोललो. म्हटलं, साहेब, ती जागा मामांचीच राहू द्या, मला त्यांच्या हाताखाली द्या. आणि मंगळवारी तसा हुकूम निघाला.

मामांना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. मग शेजारचं स्टूल पुढं ओढलं आणि म्हणाले, "बस. डोळे मीट."

खात्यात सगळे म्हणतात, दत्तोबानं म्हाताऱ्याची नोकरी वाचवली. खरं सांगू? मी त्या खुर्चीवर बसलो असतो, तर किती धडधाकट माल फाटका ठरवून बाजूला टाकला असता... आणि मला ते जन्मात कळलं नसतं. मामा, तुमच्या बोटांना माझा नमस्कार.