बिश्तजींच्या कँटीनची वीज

आमच्या ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत. टेबलावरच्या उष्ट्या कपांसारखे ते आपोआप साठतात आणि उचलायला कुणी उठत नाही! मग मीच उचलते. सगळे म्हणतात, प्राजक्ताचं तोंड फार चालतं. चालतं बाबा! नोएडात दिवसभर हिंदीत डोकं पिकवल्यावर मराठीत बडबडायला कुणीतरी हवंच ना.

तर आमचं काम असं. मोठ्या इमारतींत कुठे किती वीज जाते, ते स्क्रीनवर दाखवायचं. आता प्रत्येक ठिकाणी मीटर थोडंच बसवलेलं असतं? जिथे नसतं तिथे आम्ही वजाबाकी करतो. मजल्याच्या मुख्य मीटरमधून बाकीच्यांचे आकडे काढायचे, उरेल तो त्याचा. आमचे साहेब चतुर्वेदीजी छाती काढून सांगतात, "ये जुगाड नहीं है, टेक्नॉलॉजी है!"

*

माझ्या शेजारी फरीदा शेख बसते. सोलापूरची पोरगी, बोलायला मऊ, कामाला चिवट. तिनं एकदा मीटिंगमध्ये सांगितलं की या वजाबाक्यांची साखळी कधीकधी गोल फिरते. पहिला आकडा दुसऱ्यावर अवलंबून, आणि दुसरा पहिल्यावर!

चतुर्वेदीजींच्या डोक्यात काही शिरेना.

"सर, हमारे स्कूल की ट्रिप थी," फरीदा म्हणाली. "अम्मी बोलीं, अब्बा हाँ कहें तो जाओ. अब्बा बोले, अम्मी हाँ कहें तो जाओ."

"अच्छा! फिर?"

"फिर क्या सर, बस चली गई."

त्याच आठवड्यात तिनं एक तपासणी लिहिली. प्रत्येक आकड्याचा माग काढायचा, आणि फिरून त्याच आकड्यापाशी आलं तर स्क्रीनवर लाल रेघ.

*

पुढे गाझियाबादच्या एका ऑफिस-इमारतीचा डेमो आला. तालमीतच स्क्रीनवर दोन लाल रेघा!

चतुर्वेदीजी किंचाळले, "ये लाल-लाल क्या है? क्लायंट डर जाएगा! बंद करो!"

मी तडकलेच. "सर, बुखार दिख रहा है तो थर्मामीटर फेंक देंगे क्या?"

"अरे यार, डेमो के बाद चालू कर देंगे ना."

फरीदाचं तोंड एवढंसं झालं, पण साहेबांचा हुकूम! तपासणी बंद झाली. डेमो झाला, टाळ्या वाजल्या, समोसे संपले. तपासणी परत चालू करायचं तेवढं राहून गेलं.

*

त्या इमारतीच्या तळमजल्यावर बिश्तजींचं कँटीन होतं. गढवालकडचा भला माणूस. आम्ही साइटवर गेलो की न मागता आलं घातलेला चहा पुढे यायचा. त्यांचं घर त्या एका कँटीनवर चालायचं. कँटीनला वेगळं मीटर नव्हतं, कॉरिडॉरला आणि त्याच लाइनवरच्या लिफ्टलाही नव्हतं. आणि आमची स्क्रीन रोज ओरडून सांगायला लागली की मजल्याची जवळजवळ सगळी वीज कँटीन खातंय!

बिल्डिंगचे मॅनेजर अहलुवालिया भडकले. "चोरी कर रहा है! सोमवार को ताला लगा दूँगा!"

बिश्तजींनी फरीदाला फोन केला. "बेटा, मेरा तो चूल्हा भी गैस का है. कौन सी बिजली खाऊँगा मैं?"

तेव्हापासून फरीदाचा डबा भरलेला परत जायला लागला. तिला बघून मला रडू यायचं आणि चतुर्वेदीजींना बघून हात शिवशिवायचे.

*

शनिवारी आम्ही दोघी करोल बागेत होतो. तिच्या भावाचं लग्न तोंडावर. दुकानदार एकेक शालू उलगडतोय आणि या बाईनं त्याच ढिगावर लॅपटॉप उघडलेला! मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू.

"ताई, सापडलं! त्या दोन लाल रेघा याच! कँटीन म्हणजे मजला वजा कॉरिडॉर. आणि कॉरिडॉर म्हणजे मजला वजा कँटीन!"

मी स्क्रीनवर वाकले. "मग आकडा येतो कुठून गं?"

"सिस्टीम अडली की मागचाच आकडा धरते. कॉरिडॉरचा धरलाय पहिल्या दिवसाचा, तेव्हा लिफ्टसुद्धा चालू नव्हती. तो तिथेच अडकलाय. बाकी सगळी वीज बिश्तजींच्या माथी!"

दुकानदारानं विचारलं, "मॅडम, पसंद आ गई?"

"बिल्कुल!" फरीदा म्हणाली.

त्यानं शालू पॅक केला. तो कुठल्या रंगाचा आहे, हे आम्हाला मेट्रोत कळलं.

*

सोमवारी साइटवर पोचलो, तर कँटीनचं शटर खाली. बाहेर बिश्तजी, हातात चाव्या, चेहरा पांढराफटक. चतुर्वेदीजींनी आम्हाला कोपऱ्यात घेतलं. "लूप-वूप का नाम मत लेना. काँट्रॅक्ट चला जाएगा!"

फरीदानं सरळ अहलुवालियांना जाऊन सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "आपका सॉफ्टवेअर, आपकी ही जाँच. मैं क्यों मानूँ?"

"मत मानिए," फरीदा म्हणाली. "कँटीन की पूरी लाइन काट दीजिए. फिर स्क्रीन देखिए."

"बेटा, फ्रिज में दूध है," बिश्तजी पुटपुटले. पण मान हलवली.

इलेक्ट्रिशियननं मेन स्विच पाडला. शटरमागची फ्रिजची घरघर थांबली. आम्ही सगळे स्क्रीनकडे डोळे लावून उभे. कँटीनचा आकडा थोडा खाली आला, आणि तिथेच थांबला. आत दिवा नाही, पंखा नाही, आणि मजल्यावर सगळ्यांत जास्त वीज तरीही कँटीनच खात होतं!

अहलुवालियांनी स्क्रीनला बोट लावून आकडा वाचला. मग म्हणाले, "ये फॉर्म्युला पास किसने किया?"

चतुर्वेदीजींनी घाम पुसला. "सर, आपने ओके बोला, तभी तो हमने डाला."

"मैंने? मैंने तो आपका ओके सुनकर ओके बोला था!"

"तो साहब," बिश्तजींनी हळूच विचारलं, "शटर उठा दूँ?"

अहलुवालियांनी चतुर्वेदीजींकडे बघितलं. चतुर्वेदीजींनी अहलुवालियांकडे.

फरीदानं बिश्तजींच्या हातातून चाव्या घेतल्या, कुलूप काढलं आणि वाकून शटरला दोन्ही हात घातले.

"ताई, हात लावा. नाहीतर बस जाईल."