गाळलेलं प्रकरण

दर शनिवारी वाचनालयात मी मुलांना घोड्याची एक जुनी कादंबरी वाचून दाखवायचे. त्याची जोडीदार घोडी मरते, ते प्रकरण मी गाळलं. मुलांनी विचारलं तेव्हा, ती दुसऱ्या गावी गेली, असं सांगितलं.

नऊ वर्षांच्या सावनीने पुस्तक घरी नेऊन वाचलं. पुढच्या शनिवारी ती माझ्यापासून लांब, दाराजवळ बसली.

"मावशी, तुम्ही खोटं सांगितलंत."

"तुम्हाला रडू आलं असतं गं."

"मग सगळे मिळून रडलो असतो. मी एकटीच रडले."

मुलांना दुःखापासून जपतोय असं आपण म्हणतो. खरं तर त्यांचं रडणं मलाच सोसलं नसतं. मग सावनीनेच ते प्रकरण सगळ्यांना वाचून दाखवलं. वाचताना तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.