बहिणीला वर्गात नेलं तो दिवस

राज्यांची फेररचना व्हायच्या आधी नागपूर आमच्याच प्रांताची राजधानी होतं. बी.ए. झाल्यावर मी आमच्या सौंसर गावाहून तिथे शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला गेले, ते धाकट्या बहिणीसाठी. ती बोलत नसे, तासन् तास संत्र्याच्या बिया ओळीनं मांडायची. आज तिला स्वमग्न म्हणतील.

"तिला आणा, कसं शिकवायचं ते दाखवतो," तिच्याबद्दल ऐकून प्रशिक्षणाचे सर म्हणाले. मी विश्वासानं नेलं. सरांनी भर वर्गात तिनं मांडलेली बियांची ओळ विस्कटली. ती किंचाळत सुटली.

"बघा, अशांना शिकवता येत नाही," ते म्हणाले. माझ्याबरोबर शिकणाऱ्या मुलींनी ते वहीत उतरवून घेतलं.

त्याच दिवशी मी प्रशिक्षण सोडलं. घरी सगळं ऐकून आई एवढंच म्हणाली, "तू त होती ना तिच्यासंगं?"

कित्येक महिने बहिणीनं माझा हात धरला नाही.