पुलाखालचा डबा

मोजणीच्या वेळी साळवीकाका जमिनीकडे कमी आणि माणसांच्या तोंडाकडे जास्त बघत. भूमापन खात्यात त्यांचा जन्म गेला; पालीपासून खेडपर्यंत भावाभावांच्या हद्दी त्यांनी घालून दिल्या होत्या. ते म्हणत, "हद्दीचा दगड कुनी सरकवलान, ता दगडाकडं बघून समजत नाय. भोवती हुबे असतात त्यांच्या तोंडाकडं बघायचां."

निवृत्तीनंतर हा माणूस दिवसभर घरात बसणार या विचाराने काकूंनी धसका घेतला होता. मी शेजारचा. मोबाईलवरचा एक खेळ मी त्यांना शिकवला. घट्ट झाकणाच्या डब्यात छोटी वही घालायची, डबा कुठेतरी लपवायचा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश खेळाच्या साइटवर टाकायचे. अनोळखी माणसं शोधत येतात, वहीत सही करतात आणि डबा पुन्हा तिथेच ठेवतात. काका या खेळाला असे चिकटले की काकू मलाच बोल लावू लागल्या.

पण सरकारी माणूस तो. खेळाचे नियम त्यांनी माझ्याकडून छापून घेतले आणि पाठ केले. पूल, धरण, रेल्वेचा रूळ, विजेचा डीपी, शाळेची भिंत, यांच्या आसपास डबा ठेवायचा नाही. जागामालकाला विचारायचं. डब्यावर आत काय आहे ते ठळक लिहायचं. एका बागेत डबा ठेवायला ते मालकाच्या परवानगीसाठी तीन खेपा घालून आले, तेव्हा मी पोट धरून हसलो. ते शांतपणे म्हणाले, "डबा लपवायचा, माणसान लपायचां नाय. कुनी इचारलान तर सांगता आला पायजे."

मी मात्र लपलो. आरे-वारेच्या समुद्रकिनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर एक पूल आहे. पर्यटक तिथे हमखास थांबतात, म्हणजे माझ्या डब्याला सह्या भरपूर मिळणार. काकांना न सांगता मी पुलाखाली जांभ्या दगडांच्या कपारीत डबा कोंबला. पाणी शिरू नये म्हणून काळी टेप गुंडाळली, वाहून जाऊ नये म्हणून तार बांधली. वर काही लिहिलं नाही. काय अक्कल पाजळली होती मी!

महिन्याभरात एका रविवारी सकाळी काका आणि मी स्कूटरवरून त्याच रस्त्याने निघालो होतो, तर पुढे सगळं थांबलेलं. पुलाखाली वायर लावलेली काळी वस्तू सापडली होती आणि बॉम्बशोधक पथक यायचं होतं. डबा माझाच होता. तेवढ्यात पोलिसांनी दिलबहादूरला जीपकडे आणलं. जवळच्या आंब्याच्या बागेत तो राखणीला होता, नेपाळचा. रोज त्या पुलाखाली आंघोळीला उतरायचा, एवढाच त्याचा गुन्हा. ओल्या अंगावर टॉवेल, एका हातात साबणाची डबी. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, ह्यालाच बघितला रोज. एका पोलिसाने त्याची मान धरली.

मी गप्प होतो. माझी नोकरी कच्ची होती, घरी काय सांगू, असले विचार डोक्यात गरगरत होते. आठवतं ते इतकंच, की काका पुलाकडे बघत नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते.

मग माझ्या पाठीवर त्यांचा हात आला. ते हलक्या आवाजात म्हणाले, "जा." आणि त्यांनी मला सरळ ढकललं. मुलासारखं वागवणाऱ्या या माणसाने मला पोलिसांच्या पुढ्यात ढकलावं, याचा मला जबर धक्का बसला.

डबा माझा, मी म्हणालो. दिलबहादूरला तिथेच सोडलं. मला संध्याकाळपर्यंत चौकीत बसवलं, जबाब घेतला आणि दम देऊन सोडलं. साहेब म्हणाले, स्वतःहून पुढे आलास म्हणून बरं. काका दिवसभर बाहेर बाकावर बसून होते. मी रागाने त्यांच्याकडे बघितलंही नाही. स्कूटरजवळ पोचल्यावर ते एवढंच म्हणाले, "मी ढकललां नसतां, तर तू कदी बोलला असतास?"

मी किल्ली फिरवून स्कूटर सुरू केली. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही आणि ढकलल्याचं कोणाकडे बोललेही नाहीत. पुढे वर्षभर लोक माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक करत राहिले आणि मी ते ऐकून घेत राहिलो.

गेल्या महिन्यात काका गेले, झोपेतच. बाराव्याला दिलबहादूर आला होता. पडवीत पंगत बसली होती. माझ्याकडे बोट करून तो आजूबाजूच्यांना सांगू लागला, "हे साब सोता पुढे आले. नाहीतर मी जेलमध्ये असतो."

पंगतीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पानाकडे बघत होतो. पाठीवर हात ठेवणारं आता कोणी नव्हतं.

"स्वतः नाही आलो," मी म्हणालो. "तुला धरलेलं बघूनही मी गप्प उभा होतो. काकांनी ढकललं."

दिलबहादूरचा घास हातातच राहिला. बराच वेळ तो माझ्या तोंडाकडे बघत होता. या वेळी मी मान खाली घातली नाही.