ताम्हणावरची पांढरी पावडर

मानपाड्यात काहीही बिघडलं तरी नाव आसपासच्या केमिकल कंपन्यांचंच निघतं, आणि त्यात काळुरामदादा सगळ्यांच्या पुढे. आमची बिल्डिंग त्यांच्या काकडीच्या मळ्यावर उभी आहे. त्यामुळे आवारातल्या हवेचा सातबाराही आपल्याच नावावर आहे, असं त्यांना वाटतं.

यंदा फाल्गुनात गेटजवळच्या ताम्हणाच्या कोवळ्या पानांवर पांढरी पावडर दिसली आणि दादांची झोप उडाली. पानं मुडपली, कळ्या न उमलताच गळायला लागल्या.

"झाराची ही गत, तं पोरीचे छातीन काय जात आसंल?" ताम्हणाकडे बोट दाखवून ते भेटेल त्याला विचारायचे. त्यांची सहा वर्षांची नात जागृती संक्रांतीपासून खोकत होती आणि आता दिसण्याइतकी रोडावली होती. घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

दादांनी खिडक्यांना ओले पडदे लावले. पोरीला खाली खेळायला बंदी केली. रोज पाइप धरून ताम्हण धुतलं, कंपनीच्या गेटवर जाऊन भांडूनही आले. डॉक्टरकडे न्यायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण दुखणं कशाचं ते समोर पांढरंशुभ्र दिसत होतं ना!

एका सकाळी दादांच्या पत्नी तुळसाकाकू खाली उतरल्या. त्यांनी पान बोटाने चोळलं, मग झाडाखालच्या गाडीवरून हात फिरवला.

"आवो, गारीवर कुठंय पावडर? ही तं भुरी! आपले काकरीवर परायची तीच बुरशी."

दादांनी पान हातात घेतलं. उभा जन्म वेलांवर भुरी बघितलेला माणूस, पण झाडावर ती ओळखू आली नव्हती! मग सुटकेने इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. लगेच रोगट शेंडे छाटले, गळलेली पानं गोळा करून पिशवीत बांधली, आतल्या दाट फांद्या विरळ केल्या. ऊन उतरल्यावर गंधकाचं पाणी फवारायला पंपही भरला.

इतक्यात वर जागृती खोकली. काकूंनी वर खिडकीकडे बघितलं.

"मंग आपली पोर कशानं खोकते?"

दादा पंप टाकून जिन्याकडे धावले.

डॉक्टरांनी पोरीची पाठ तपासली, छातीचा फोटो काढायला लिहून दिलं आणि चिडून विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?"

"झार धुवत व्हतो," दादा म्हणाले.