घास उतरेपर्यंत

आईला पक्षाघाताचा झटका येऊन गेला, त्यातून ती बरीच सावरली. आता हात हलतो, चार पावलं चालते, बोलणं तुटक झालं तरी कळतं. बिघडलं ते गिळणं. घास कधी कधी श्वासाच्या वाटेला लागतो. त्यापायी एक न्यूमोनिया होऊन गेला आहे. पुन्हा झाला तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि मग ती कधी निघेल सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. दवाखान्यात आईनं ती नळी उपसून काढली होती, म्हणून तिचे हात खाटेला बांधले होते. मला ते पुन्हा बघायचं नाही. सध्या देवाकडे माझं एवढंच मागणं आहे.

गिळण्याचे व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी रीत घालून दिली. नाचणीची आंबील घट्ट ठेवायची, अर्धा चमचा द्यायचा आणि दोन बोटं आईच्या गळ्यावर हलकी टेकवायची. बोटांखाली कंठ वर सरकून खाली आला की घास उतरला. मग पुढचा चमचा. मधे बोलायचं नाही, तिला बोलू द्यायचं नाही. आणि लक्ष तिथंच ठेवायचं, हे बाईंनी जाताना पुन्हा दारातून सांगितलं.

पुण्यात राहणारा माझा भाऊ अण्णाही तेच सांगतो. रोज सकाळी मोबाइलवर त्याचा सुविचार येतो: या क्षणात जगा. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय! माझा क्षण असा असतो: समोर वाटीभर आंबील, बाजूला थरथरणारा फोन, मी शिकवते त्या कॉलेजात गुण भरायची मुदत संपत आलेली, आणि नवनगरहून धारवाडला जाणारी बस चुकली की पहिला तास गेला. बोटं आईच्या गळ्यावर आणि डोळे घड्याळावर. हल्ली या बसच्या धास्तीनंच जाग येते, गजर लावावा लागत नाही.

परवा सकाळी उकडत होतं म्हणून दार उघडं ठेवलं होतं. मी चमचा दिला. बोटं जागेवर होती, पण मी मनानं धारवाडात, सप्तापूरच्या उतारावरून कॉलेजकडे पळत होते, प्राचार्यांना काय सांगायचं ते जुळवत. तेवढ्यात शेजारच्या अक्का फाटकापाशी थांबल्या आणि नेहमीसारखं ओरडून विचारलं, "ऊटा आतेन्री?"

जेवण झालं का, एवढाच त्या कानडीचा अर्थ. आमच्याकडे हा प्रश्न नसतोच, तो नमस्कार असतो. जेवलेलं असो नसो, "आत्री, बर्री", झालं, या, म्हणून माणसाला आत बोलवायचं. उत्तर दिलं नाही तर घरात भांडण झालंय किंवा कुणाला गर्व चढलाय, असं समजतात. आईनं जन्मभर अशी उत्तरं दिलेली. तोंडात घास असताना तिनं मान वळवली आणि म्हणाली, "आत्..."

पुढचं आलंच नाही. ठसका लागला, मग ठसकाही थांबला आणि चेहरा काळवंडायला लागला. मी तिला पुढं वाकवून पाठीवर थापा मारत सुटले. अक्का चप्पल न काढताच आत धावत आल्या आणि तिचं कपाळ धरून उभ्या राहिल्या. केव्हातरी घास बाहेर पडला. आई श्वास घ्यायला लागली. मी फरशीवर बसून रडले.

"नंदे तप्पु," माझंच चुकलं, असं अक्का पुटपुटत होत्या. त्यांचं काय चुकलं? त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, आईनं रीतीप्रमाणे उत्तर दिलं. मी तेवढी तिथं नव्हते.

तेव्हापासून दार बंद असतं. मी दर थोड्या वेळानं तिचं कपाळ चाचपते, छातीला कान लावते. ताप आलेला नाही, अजून तरी. थोडं आत गेलंच असेल तर उशिरानंही येऊ शकतो, असं डॉक्टर म्हणाले. त्यामुळे जीव टांगणीलाच आहे.

आज सकाळी मी चमचा पुढं केला तर आईनं ओठ घट्ट मिटून घेतले. मला वाटलं, घाबरली.

"दार लावलंय आई. कुणी येत नाही."

तिनं मान हलवली. ते नव्हे.

"कडू लागतंय?"

पुन्हा तेच. मग डावा हात उचलून तिनं माझी हनुवटी धरली आणि माझं तोंड स्वतःकडे वळवलं.

"तू... कुठं आहेस?"

खोटं बोलवेना. "धारवाडात," मी म्हटलं.

"मग ये," ती म्हणाली, आणि मी येईपर्यंत तोंड मिटून बसून राहिली.